शेवटच्या खांबावरचे व्होल्टेज

रब्बीत ज्वारी-हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ आली, की केज तालुक्यात एकच तक्रार सगळीकडून ऐकू येते. लाईट आहे, पण व्होल्टेज नाही. युसूफवडगाव असो, नांदूरघाट असो, बनसारोळा असो, नाही तर धनेगावच्या मांजरा धरणाचा फुगवटा असो, स्टार्टरच्या पेटीवरचा काटा ४१५ ला असायला हवा तो ३२०-३३० वर लटकलेला असतो. मोटार नुसती घुमते, पाणी वर चढत नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी लघुदाब ग्राहकाला घोषित दाबाच्या ६ टक्के वर किंवा खाली एवढीच मुभा ठेवली होती. ४१५ धरले तर ३९० च्या खाली काटा जायला नको. शेतातला काटा त्याच्या किती तरी खाली असतो.

मग लोक म्हणतात, वीज कमी पडते. पण वीज तयार करणारे परळीचे औष्णिक केंद्र याच जिल्ह्यात आहे, अंबाजोगाई ओलांडली की परळीच. तिथला एखादा संच बंद पडला तर भारनियमनाचे तास वाढतील. शेवटच्या खांबावरचा काटा ३२५ वर का अडकतो, याचे उत्तर मात्र तिथे नाही. ते उत्तर डीपी, म्हणजे शिवारातले रोहित्र, आणि विहीर यांच्या मधल्या तारेत आहे. तक्रार व्होल्टेजची असते, पण दुखणे बहुतेक वेळा रोधाचे असते, आणि ते वाढवण्याचे काम प्रवाह करतो. या तीन राशींचे एकमेकांशी नाते काय, आणि शेतावर पोचेपर्यंत त्या नात्याचे काय होते, याचा हा आढावा.

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'धाराविद्युत' नावाचा पाठ आहे. तिथे ओहमचा नियम येतो. वाहकाची भौतिक अवस्था कायम असेल, तर त्यातून जाणारी विद्युतधारा त्याच्या दोन टोकांमधल्या विभवांतराच्या प्रमाणात असते. म्हणजे व्होल्ट भागिले अँपिअर, उत्तर ओहममध्ये. एक व्होल्टने एक अँपिअर ढकलला तर त्या वाहकाचा रोध एक ओहम. गणित इतके सोपे आहे, की परीक्षेत त्यावर हक्काचे गुण मिळतात आणि पाठ मागे पडतो. पण हा नियम ज्याने शोधला त्याने तो या रूपात मांडलाच नव्हता. त्याने मांडलेले रूप केजच्या शेतकऱ्याच्या जास्त कामाचे आहे, म्हणून तिथे थोडे थांबतो.

गेऑर्ग सायमन ओहम हा जर्मनीतल्या एर्लांगन गावच्या कुलूपकाराचा मुलगा, जन्म १७८९ चा. कोलोनच्या एका शाळेत तो गणित आणि भौतिकी शिकवत असे. १८२५ मध्ये त्याने वेगवेगळ्या लांबीच्या तारांमधून प्रवाह सोडून मोजायला सुरुवात केली. त्या काळच्या विद्युतघटांची अडचण अशी, की प्रवाह ओढायला लागताच त्यांचा जोर ढळायचा आणि मापे हातात टिकायची नाहीत. 'अ‍ॅनालेन' या नियतकालिकाचा संपादक पोगेनडॉर्फ याने त्याला सुचवले, की घट सोडून दे आणि झेबेकने नुकतीच शोधलेली औष्णिक विद्युत वापर. मग ओहमने बिस्मथ आणि तांबे यांचे जोड केले. एक जोड उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. दोन्हींचे तापमान हलत नाही, त्यामुळे मिळणारा दाबही हलत नाही. प्रवाह मोजायला टांगलेली चुंबकसूची होती. एकाच जाडीच्या, वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा त्याने पाळीपाळीने जोडल्या, आणि १८२६ मध्ये जे सूत्र त्याच्या हाती आले त्यात भागाकाराच्या खाली दोन पदे होती. एक त्या तारेची लांबी. दुसरे एक स्थिर पद, म्हणजे तार सोडून उरलेल्या साऱ्या मंडलाचा अडथळा. उगम, जोड, मधल्या पट्ट्या असे सगळे त्यात आले.

पाठ्यपुस्तकाने हे दुसरे पद सोयीसाठी बाजूला ठेवले. मुलांसाठी ते योग्यच आहे. पण विहिरीवरच्या मोटारीच्या जागी उभे राहून पाहिले, तर डीपीपासून आपल्यापर्यंतची सगळी तार, सगळे जोड, कटआउट, केबल हे त्या दुसऱ्या पदात मोडतात. मोटारीला मिळणारे व्होल्टेज म्हणजे डीपीवरचे व्होल्टेज वजा या पदाने वाटेत खाल्लेले व्होल्टेज.

१८२७ मध्ये ओहमने याचे पुस्तक काढले. जर्मनीत त्याचे स्वागत थंड झाले आणि त्याने कोलोनची नोकरी सोडली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोपली पदक दिले तेव्हा मायदेशात मान मिळू लागला. म्युनिकची प्राध्यापकी १८५२ मध्ये मिळाली, आणि १८५४ मध्ये तो गेला. त्याच्याही आधी, १७८१ च्या सुमारास, इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिशने जवळपास हाच नियम पाहिला होता. त्याच्याकडे प्रवाह मोजायचे यंत्र नव्हते, म्हणून तो स्वतःच्या अंगाला बसणाऱ्या झटक्याचा जोर ताडून मिठाच्या पाण्याने भरलेल्या नळ्यांची तुलना करायचा. त्याने ते छापले नाही. मॅक्सवेलने त्याची टिपणे १८७९ मध्ये प्रसिद्ध केली, तोवर ओहमचे नाव रूढ झाले होते. १८८१ च्या पॅरिस परिषदेत ओहम, व्होल्ट, अँपिअर ही एकके जगाने मान्य केली.

आता नियमातल्या त्या अटीकडे वळू. भौतिक अवस्था कायम असेल तर, असे पुस्तक म्हणते. पाणी तापवायच्या गिझरमध्ये ही अट बऱ्यापैकी पाळली जाते. १५०० वॅटच्या गिझरचा रोध सुमारे ३५ ओहम. व्होल्टेज २३० चे १८० झाले की प्रवाह त्याच प्रमाणात उतरतो, शक्ती ९२० वॅटवर येते, पाणी उशिरा तापते आणि नुकसान काही होत नाही. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये अट मोडते. ६० वॅटच्या बल्बची तार पेटलेली असताना तिचा रोध ८८० ओहमच्या आसपास असतो, थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. बल्ब बहुतेकदा बटण दाबतानाच जायचा, त्याचे हे एक मोठे कारण.

मोटारीत मात्र चित्र पुरते उलटे होते, आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. पंपाला तेवढेच पाणी तेवढ्याच उंचीवर न्यायचे असते. काम ठरलेले, म्हणून मोटार ओढते ती शक्तीही जवळपास ठरलेली. व्होल्टेज पडले तर तीच शक्ती मिळवायला मोटार जास्त प्रवाह ओढते. ५ अश्वशक्तीची मोटार ४१५ व्होल्टला साधारण साडेसात अँपिअर घेते. ३२० व्होल्टला ती साडेनऊच्या पुढे जाते. गिझरच्या हिशोबाने विचार करणारा म्हणेल, व्होल्टेज कमी तर करंट कमी, मग मोटार जळते कशाने? ती वाढलेल्या करंटने जळते. १८४१ मध्ये जूलने दाखवले, की तारेत निघणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह सव्वापट झाला की वाइंडिंगमधली उष्णता दीडपटीच्या पुढे जाते. शिवाय मोटारीचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. ३२० व्होल्टला तो मूळच्या ६० टक्क्यांवर येतो. पंप गाळाने जड झालेला असेल तर मोटार अडते, आणि अडलेली मोटार नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढत काही मिनिटांत जाते.

रिवाइंडिंगच्या दुकानात हे डोळ्यांनी पाहता येते. तालुक्याच्या प्रत्येक बाजारगावात अशी दुकाने आहेत, आणि हंगामात त्यांच्या दारात मोटारींची रांग असते. कारागीर स्टेटर उघडतो आणि तांब्याच्या वेटोळ्यांकडे पाहूनच सांगतो, की हिला काय झाले. सगळी वेटोळी सारखी काळी पडली असतील, वार्निश सगळीकडून जळले असेल, तर मोटार बराच वेळ कमी व्होल्टेजवर किंवा जादा भारावर चालली. काही गट काळेठिक्कर आणि मधलाच एक गट नवा वाटावा इतका लख्ख असेल, तर एक फेज गेला होता आणि मोटार दोन फेजवर धडपडत राहिली. तिथे पोपडे निघालेले वार्निश नखाने खरवडले की खाली तांबे जांभळट-काळे दिसते. तो रंग पाहिला की प्रवाहाचा वर्ग म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही.

मग तारेचे गणित मांडू. लघुदाब वाहिनीवर पोलादी गाभ्याची अ‍ॅल्युमिनियमची तार असते. तिच्या जाडीनुसार तिला प्राण्यांची नावे आहेत. स्क्विरल ही बारीक, तिचा रोध किलोमीटरला सुमारे १.४ ओहम. वीझल त्याहून जाड, ०.९१ ओहम. रॅबिट आणखी जाड, साधारण ०.५५ ओहम. हे आकडे २० अंश तापमानाचे आहेत. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत उन्हाने आणि स्वतःच्या प्रवाहाने तापलेल्या तारेचा रोध यापेक्षा १५ टक्क्यांनी सहज चढतो.

समजा, ६३ केव्हीएची डीपी आहे आणि तिथून वीझल तार एक किलोमीटर गेली आहे. टोकाला ५ अश्वशक्तीच्या सहा मोटारी आहेत. हिशोब ढोबळच घेऊ. सहा मोटारींचे ४५ अँपिअर. एका फेजमागे ४५ गुणिले ०.९१, म्हणजे ४१ व्होल्ट वाटेत गेले. २४० चे १९९ उरले. फेज-फेजमध्ये मोजले तर ४१५ चे ३४५. पण इथे गणित थांबत नाही. व्होल्टेज पडले म्हणून सहाही मोटारी जास्त प्रवाह ओढतात. त्यामुळे तारेतली घट आणखी वाढते, मोटारींपाशी व्होल्टेज आणखी पडते. हे फिरत फिरत जिथे स्थिरावते तो आकडा आहे सुमारे ३२५ व्होल्ट आणि ५८ अँपिअर. शेतकऱ्याच्या पेटीवरचा काटा नेमका तेच दाखवतो.

या उदाहरणातली डीपी काही भरलेली नाही. सहा मोटारींचा भार जेमतेम ३२ केव्हीए, आणि वाढलेला प्रवाह धरला तरी ती क्षमतेच्या आतच आहे. तरी टोकाला ३२५. अशा ठिकाणी डीपी बदलून मोठी बसवा ही मागणी मान्य झाली, तरी काटा फारसा हलणार नाही. त्याच तारेवर आठवी मोटार लागली की कशीबशी चालते, नवव्या मोटारीला कागदावरच्या समीकरणात उत्तरच उरत नाही, म्हणजे सगळ्याच अडतात. तार स्क्विरल असती तर सहासुद्धा चालल्या नसत्या. उलट रॅबिट टाकली तर टोकाला ३६५ च्या आसपास मिळतात. दरम्यान वीझलच्या तीन तारांत मिळून सुमारे ९ किलोवॅट उष्णता होऊन जाते. १२ अश्वशक्ती झाली ही. डीपीतून निघालेल्या चार युनिटांपैकी एक वाऱ्यावर गेले.

ठिबकची लांब नळी ज्याने शेतात अंथरली आहे त्याला हे लवकर पटते, कारण शेवटच्या ड्रिपरला पाणी कमी पडते हे त्याने पाहिलेले असते. तुलना इथपर्यंत चालते. पुढे ती सोडावी लागते, कारण नळीत दाब दुप्पट केला तरी पाणी दुप्पट होत नाही, ते त्याहून कमीच वाढते. धातूच्या तारेत मात्र दाब दुप्पट तर प्रवाह नेमका दुप्पट. निसर्गात असे सरळ नाते विरळच सापडते.

घट वाढवणारे आणखी एक कलम आहे, ते शेतकऱ्याच्या स्वतःच्या हद्दीत. मीटरच्या खांबापासून विहिरीपर्यंतची केबल. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलचा रोध किलोमीटरला ७.४ ओहम. ती ३०० मीटर ओढली की २.२ ओहम झाले, आणि एकट्या ५ अश्वशक्तीच्या मोटारीसाठी फेज-फेजमध्ये २९ व्होल्ट तिथेच गेले. ६ चौरस मिलिमीटरची घेतली असती तर १२ वर भागले असते. धरणाच्या फुगवट्यावर मोटार टाकणाऱ्यांची पंचाईत मोठी असते. उन्हाळ्यात पाणी मागे सरकले की मोटार पुढे न्यायची आणि केबलला तुकडा जोडायचा. तुकडा हाताशी असेल त्या जाडीचा, जोड पिळून टेप गुंडाळलेला. अशा सैल जोडाचा रोध अर्धा ओहम जरी झाला, तरी १० अँपिअरला तिथे ५० वॅट एका बोटभर जागेत निघतात. खांबावरच्या जोडातून ३० अँपिअर जात असतील तर तोच अर्धा ओहम ४५० वॅट ओकतो. अ‍ॅल्युमिनियमवर हवेने जो पातळ थर धरतो तो वीज नेत नाही, त्यामुळे जोड तापतो, तापून आणखी सैल होतो. तारेवर चोरून टाकलेल्या आकड्याचेही तेच. तारेला तार नुसती टेकते त्या ठिपक्याएवढ्या जागी रोध जास्त असतो, म्हणून तिथे ठिणगी दिसते.

यावर जो तो आपापला इलाज करतो, आणि बहुतेक इलाज शेजाऱ्याला भोवतात. ऑटोस्विचचे उदाहरण घ्या. कृषी वाहिनीला थ्री फेज लाईट पाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्री दोन वाजता उठून विंचू-काट्यातून जायला नको म्हणून स्टार्टरला ऑटोस्विच लावला जातो. माणसाची गरज खरी आहे, आणि त्याबद्दल कुणी शेतकऱ्याला दोष देऊ नये असे मला वाटते. पण लाईट येते त्या क्षणी डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात. सुरू होताना प्रत्येक मोटार सहा पट प्रवाह मागते, टोकाचे व्होल्टेज इतके कोसळते की कुणीच वेग घेत नाही. सगळ्या मोटारी तो सहा पट प्रवाह ओढत तशाच राहतात, डीओ, म्हणजे डीपीचा उच्चदाब फ्यूज, उडतो, नाही तर डीपी जळते. मग फ्यूजच्या जागी जाड तार येते, आणि पुढच्या वेळी फ्यूजऐवजी रोहित्र जाते. दोन फेजवर मोटार चालवायला कंडेन्सर लावतात त्यातही हेच. दोनच तारांवर तीन तारांचे काम पडते, त्यांतला प्रवाह पावणेदोन पटीच्या घरात जातो, आणि त्या तारांवरच्या सर्वांचे व्होल्टेज खाली येते.

एकच इलाज असा आहे, जो आपलेही आणि शेजाऱ्याचेही भले करतो, आणि तो स्वस्तही आहे. मोटारीला योग्य मापाचा कपॅसिटर. मोटारीला चुंबकक्षेत्र उभे करायला जो प्रवाह लागतो तो काम करत नाही, नुसता तारेतून ये-जा करतो. ५ अश्वशक्तीच्या मोटारीपाशीच २ केव्हीएआरचा कपॅसिटर जोडला, तर हा प्रवाह बराचसा तिथल्या तिथे भागतो आणि तारेतला प्रवाह सुमारे १७ टक्क्यांनी उतरतो. आपल्या उदाहरणातल्या सहाही जणांनी तो लावला तर टोकाचे ३२५ व्होल्ट ३४० च्या आसपास जातात. महावितरण ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर लावा असे आवाहन वारंवार करते, ते याच गणितावर. एकट्याने लावला तर फरक जाणवत नाही, ही त्यातली खरी अडचण. डीपीवरच्या सगळ्यांनी एकत्र बसून ठरवले तरच काटा हलतो.

मोठ्या पटावरचा इलाज म्हणजे दाब चढवणे. तीच शक्ती जास्त व्होल्टेजने पाठवली की प्रवाह कमी लागतो, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाने घटते. चंद्रपूर ते पडघे ही सुमारे ७५० किलोमीटरची वाहिनी ५०० किलोव्होल्टच्या एकदिश दाबावर १५०० मेगावॅट वाहून नेऊ शकते. सोलापूर-रायचूरची ७६५ किलोव्होल्टची वाहिनी ३१ डिसेंबर २०१३ रोजी जोडली गेली आणि दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी एकसंध झाले. हेच तत्त्व विहिरीपर्यंत आणायचे म्हणजे उच्चदाब वितरण प्रणाली. राज्यात ही योजना २०१८ मध्ये आली. एका-दोन शेतकऱ्यांमागे एक छोटे रोहित्र, आणि तिथपर्यंत ११ किलोव्होल्टची तार. आपल्या सहा मोटारींचे ४५ अँपिअर ११ किलोव्होल्टला पावणेदोन अँपिअरच्या आत येतात. त्याच वीझल तारेत, त्याच एका किलोमीटरवर, ९ किलोवॅटच्या जागी ८ वॅट जातात. आठ वॅट, एका छोट्या एलईडी दिव्याएवढे. शिवाय त्या तारेवर आकडा टाकायची कुणाची छाती होत नाही. छोट्या रोहित्रांची संख्या वाढते, त्यांचा लोखंडी गाभा मोटार बंद असतानाही थोडी वीज खात राहतो, खर्चही मोठा, हे खरे. तरी वाहिन्या लांब आणि वस्ती विरळ अशा आपल्या भागाला याहून योग्य रचना मला दिसत नाही.

तार किती जाड असावी याचेही उत्तर जुने आहे. लॉर्ड केल्विनने १८८१ मध्ये मांडले, की तारेवर घातलेल्या भांडवलाचा वर्षाचा बोजा आणि तारेत जळणाऱ्या विजेची वर्षाची किंमत जिथे सारखी होते ती जाडी काटकसरीची. त्यासाठी दोन्ही खर्च एकाच खिशातून जायला हवेत. कृषिपंपांच्या बाबतीत तसे होत नाही. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल शासन भरते, तारेत जळालेली वीज वितरणाच्या खात्यावर पडते, आणि जळालेल्या मोटारीचे रिवाइंडिंग शेतकऱ्याच्या खिशातून होते. दरवर्षीच्या या रिवाइंडिंगचा हिशोब कुठल्याही वीजहानीच्या तक्त्यात येत नाही. तो यायला हवा. जाड तारेची बाजू त्याशिवाय मांडता येणार नाही.

आतापर्यंत तारेचा रोध कमी हवा असे बोललो. जमिनीचा रोध हा प्रश्न आणखी गंभीर आहे, कारण तिथे जीव जातो. मोटारीच्या लोखंडी अंगाला फेज टेकला, आणि अर्थिंग ५ ओहमचे असले, तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर जमिनीत जातात आणि फ्यूज उडतो. काळी माती ओली असते तोवर असे अर्थिंग जमते. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते, सळईपासून सुटते, रोध ५० ओहमवर जातो. आता जमिनीत जातात ४.६ अँपिअर. एवढ्याला मोटारीचा फ्यूज उडत नाही. मोटारीचे अंग जवळपास पूर्ण २३० व्होल्टवर जिवंत राहते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. ओल्या पायांच्या माणसाच्या शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास धरतात. त्याने हात लावला की अंगातून २३० मिलिअँपिअर जाऊ शकतात. माणूस वाचवणारे गळतीरोधक यंत्र, ज्याला आपण ईएलसीबी म्हणतो, ते ३० मिलिअँपिअरला तुटेल असे बनवतात, यावरून २३० चा अर्थ समजावा. म्हणून मार्च लागला की अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतणे हे मोटारीला तेल-पाणी करण्याइतकेच नेमाचे काम आहे, आणि विहिरीवर ईएलसीबी बसवणे ही चैन नाही.

जमिनीचा हाच रोध पाणी शोधायलाही कामी येतो, हे पुष्कळांना माहीत नसते. बालाघाटाच्या या पट्ट्यात खाली बेसाल्टचे थर आहेत. अखंड, घट्ट काळ्या पाषाणाचा रोध जास्त असतो. तडे गेलेला, झिजलेला, पाण्याने भरलेला थर वीज सहज नेतो. चार सळया एका रेषेत जमिनीत ठोकतात. बाहेरच्या दोहोंतून प्रवाह सोडतात, आतल्या दोहोंत व्होल्टेज मोजतात, आणि भागाकार करतात. सळयांचे अंतर वाढवत नेले की अधिकाधिक खोलीचा अंदाज येतो. कॉनराड श्लुंबर्जे आणि फ्रँक वेनर यांनी १९१०-२० च्या दशकात ही रीत घडवली. सळया चार असतात त्यामागे कारण आहे. सळई आणि माती यांच्या जोडाचा रोध मापात मिसळू नये म्हणून प्रवाहाच्या आणि व्होल्टेजच्या सळया वेगळ्या ठेवतात. पाणी लागेलच अशी खात्री ही रीत देत नाही, बेसाल्टमध्ये तडे वाकडेतिकडे पळतात. पण नारळ हातावर ठेवून फिरणाऱ्या पाणाड्यापेक्षा तिचे म्हणणे तपासता येते. एका कोरड्या बोअरवर जाणारा पैसा पाहता एवढी चाचणी आधी करून घ्यावी.

राहिले सौरपंप. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरून पंप मिळतो. पॅनेल विहिरीच्या काठावर असते, म्हणून एक किलोमीटरची तार, डीपी, शेजाऱ्याचा ऑटोस्विच, सगळेच मंडलातून निघून जाते. पण पॅनेल हा उगम निराळा आहे. त्याला किती अँपिअर देता येतील हे ऊन ठरवते. त्याहून जास्त मागितले की त्याचे व्होल्टेज एकदम कोसळते, म्हणून मधला कंट्रोलर मोटारीचा वेग कमी-जास्त करून मागणी उन्हाच्या मापात ठेवतो. ढग आला की पाण्याची धार बारीक होते, मोटार जळत नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना वेगळी आहे. तिच्यात सौर प्रकल्पाची वीज उपकेंद्राला मिळते आणि दिवसा पुरवठा होतो. रात्रीची जागरणे त्याने टळतील. डीपीपासून विहिरीपर्यंतची तार मात्र तीच राहील आणि टोकाचा काटाही तिथेच.

तेव्हा आपल्या वाहिनीवर दुखणे नेमके कुठे आहे हे आधी मोजून घ्यावे. वायरमनकडे क्लॅम्प मीटर असतो. सगळ्या मोटारी चालू असताना एकाच वेळी तीन ठिकाणी फेज-न्यूट्रल व्होल्टेज घ्यायचे. डीपीच्या फ्यूजवर, मीटरच्या खांबावर आणि मोटारीच्या स्टार्टरवर. मोटारीला न्यूट्रल लागत नाही, म्हणून तो स्टार्टरपर्यंत आलेला नसेल तर तिन्ही ठिकाणी फेज-फेजमध्ये मोजायचे आणि येणाऱ्या फरकाला १.७३ ने भागायचे. डीपीवरच २०० मिळत असतील तर डीपीवर भार जास्त आहे किंवा ११ किलोव्होल्टच्या वाहिनीतच घट आहे. तशी तक्रार करावी. डीपीवर २३५, खांबावर १९० असतील तर दोष लघुदाब तारेत किंवा तिच्या जोडांत आहे. मोठी डीपी मागू नये, जाड तार किंवा उच्चदाब जोडणी मागावी. खांबावर २३० आणि स्टार्टरवर २०५ असतील तर केबल आपली आहे आणि ती बदलायची आहे. प्रत्येक टप्प्यातल्या व्होल्टच्या फरकाला क्लॅम्पवरच्या अँपिअरने भागले की त्या टप्प्याचा ओहम कागदावर येतो. व्होल्टेजचे हे तीन आकडे तारीख घालून अर्जात लिहिले, तर अभियंत्यालाही उत्तर त्या तीन आकड्यांचेच द्यावे लागते.